कोण उठतंय

मावशींचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी निघायचं. एरवी त्या लहानशा सरकारी दवाखान्यात डॉक्टरांपासून पेशंटपर्यंत सगळ्यांच्या त्या मावशीच. वॉर्डात झाडलोट करायच्या आणि दर गुरुवारी कॅन्सरच्या मीटिंगची खोली लावायच्या. खोली कसली, मोडक्या खाटांची अडगळ! तिथं टेबलाभोवती ऑपरेशन करणारे सर्जन, केमोच्या मॅडम, रेडिएशनचा शेक ठरवायला आठवड्यातून एकदाच येणारे डॉक्टर आणि दुखणं कमी करणारी सिस्टर बसायची. गाठीचा तुकडा तपासणारे डॉक्टर दूरच्या शहरात, त्यांचा नुसता आवाज फोनमधून यायचा.

पूर्वी पेशंट चार दारं हिंडायचा, चार तोंडांनी चार गोष्टी ऐकायचा आणि घाबरून घरी पळायचा तो परत फिरकायचा नाही. म्हणून यांनी एक रीत पाडली. काय भांडायचं ते दार लावून आधी भांडून घ्यायचं. मग पेशंटला आत बोलवायचं आणि पुढचं काम ज्याच्या हाती, त्यानेच उठून पेशंटशेजारी बसायचं, बोलायचं. बाकीच्यांच्या तोंडाला कुलूप.

मावशींना हे पाठ झालं होतं. सर्जन उठले की कापाकापी, पण आशा. शेकवाले उठले की मशीनसाठी लांबच्या खेपा, तरी आशा. सिस्टर उठली की मावशी काहीतरी काम काढून बाहेर सटकायच्या. पोरगी गुणाची, पण तिचं उठणं नको वाटायचं.

आणि या गुरुवारी पेशंट होता मावशींचा नवरा. रंगारी माणूस. जिभेला जखम झाली, तर ‘दात लागला असेल’ म्हणत अंगावर काढली शहाण्याने. आता गाठ मानेत उतरली होती, तरी थट्टा चालूच.

"अगं, अर्धी जीभ कापली तर तुझीच चांदी."

देवा, सर्जनना उठव, एवढंच मावशी मनात म्हणत होत्या. हवं तेवढं कापू देत, पण माणूस राहू दे.

आतली वादावादी थांबली आणि दोघांना बोलावलं. सर्जन खुर्चीतून हलले तसा मावशींचा जीव भांड्यात पडला. पण ते नुसते बाजूला सरकले होते, वाट द्यायला. सिस्टर उठली.

मावशींना कळायचं ते कळलं. नवऱ्याला कुठं काय माहीत! तो उलट सुटल्यासारखा हसला. "बरं झालं, सुरीवाले नाही आले."

सिस्टर शेजारी बसली. "दादा, आजार फुप्फुसात गेलाय. कापून किंवा शेकून तो आता जाणार नाही. पण तुमचा त्रास कमी करणं माझं काम आहे, ते मी शेवटपर्यंत करणार. दुखतं किती, खरं सांगा."

त्याचं हसू गेलं. घरी इतके महिने तो एकच सांगत आला होता, काही दुखत नाही.

"हिला जरा बाहेर पाठवा," तो हळूच म्हणाला, "मग सांगतो."

मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"सांगा," त्या म्हणाल्या, "मी ऐकते."