दलालाचा पांढरा बैल

ती घटना आजही आठवते आणि आठवली की अजून माझी कानशिलं तापतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांचं आता काही वाटत नाही. हा तर एका बैलाच्या मरणाचा मामला. पण त्यात एक निरपराध माणूस तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन आला आणि त्याला तिथवर नेणाऱ्यांत मीही होतो. नावं कोणाचीच लिहीत नाही. त्यातले बरेच जण वारले. त्यांची मुलंनातवंडं अमरावतीत आणि अकोल्यात सुखाने नांदत आहेत.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. कालपर्यंत उन्हात गाठोड्यांवर बसून गिऱ्हाईक शोधणारा माणूस एका हंगामात माडी बांधू लागला. मी तेव्हा परतवाड्याच्या ठाण्यावर ठाणेदार होतो. दिवाळी असो की शिमगा, माझा पगार तेवढाच.

असाच वर आलेला एक दलाल माझा बालमित्र. अमरावतीला एकाच पंतोजींच्या छड्या आम्ही खाल्ल्या. अक्षर माझं चांगलं, पाठांतर माझं चांगलं; तो माझ्या पाटीवरून उतरवून घ्यायचा. मोठेपणी तो कापसाच्या दलालीत शिरला, मी सरकारी पट्टा बांधला. पुढे काय झालं ते सांगायला नको.

वैशाखात एकदा कचेऱ्यांना रविवार-सोमवारची लागून सुट्टी आली. दलालाने तीन दोस्त जमवले: एक देशमुख, एक वकील आणि एक शाळामास्तर. साहेबलोक उन्हाळ्यात वर चिखलदऱ्याला जातात, तर आपणही डोंगराच्या पायथ्याला जाऊ, असा बेत. परतवाड्यापासून दोन कोसांवर ओढ्याकाठी जुनी आमराई होती, शेजारी एक धर्मशाळा. दोन दिवस आंबे खायचे, गोवऱ्यांत रोडगे भाजायचे, झाडाखाली लोळायचं. शनिवारी सकाळी त्यांच्या दोन रेंग्या, म्हणजे आमच्याकडच्या हलक्या छपराच्या बैलगाड्या, माझ्या ठाण्यावरून गेल्या. पुढच्या रेंगीला दलालाची नवी जोडी होती. पांढरेशुभ्र उंच बैल, गळ्यात चांदीची घुंगरं. रस्त्यावरची माणसं कामं टाकून बघत राहिली. मी दारातच उभा होतो. दलालाने आतून हात हलवला. गाडी काही थांबली नाही.

मला बोलावलं नव्हतं. दिवसभर ते मनात सलत राहिलं. सुट्टी मला मिळाली नसती आणि मी गेलोही नसतो, पण एका तोंडाने विचारायला काय झालं होतं? शिपायाला उगाच दोन वेळा फैलावर घेतलं.

रविवारी सकाळी जवळच्या गावचा कोतवाल धापा टाकत ठाण्यात आला. "साहेब, आमराईत त्या सेठचा बैल मेला जी. गाडीवानानं इख घातलं म्हनतात. त्याले झाडाले बांधून ठेवलं. तुमाले लवकर बोलावलं."

खोटं कशाला लिहू? मला बरं वाटलं. आतून गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. लगेच निघायचं सोडून मी आंघोळ केली, बसून भाकर खाल्ली, घोड्याला खरारा करून घेतला. आमराईत पोहोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं.

गाडीवान चाळिशीचा, काटक माणूस. त्याला बैलाच्याच कासऱ्याने आंब्याच्या खोडाला बांधला होता आणि सावली त्याच्यावरून केव्हाच सरकली होती. ओठ फुटलेले. शेजारी बैल पडलेला, पोट फुगलेलं, तोंडाला फेस. दुसरा बैल दूर बांधलेला. दलाल माझ्याकडे धावत आला. डोळे रडून लाल झाले होते, ते पाहूनही मला वाईट वाटलं नाही.

"अरे ठानेदारा, या हरामखोरानं माह्या बैलाले मारलं! याले बेड्या घाल!"

फिर्याद अशी होती. शनिवारी दुपारी दलालाला आपली जोडी देशमुखाच्या जोडीबरोबर पळवून दाखवायची होती. गाडीवानाने सांगितलं, बैलांचे खांदे सोलले आहेत, आज जुंपू नका. दोस्तांसमोर नोकराने अडवलं म्हणून दलालाने त्याला चाबकाच्या दांड्याने मारलं. तेव्हा तो पुटपुटला, "असे बैल तुमाले पुरनार नाई." ते चौघांनी ऐकलं होतं. रविवारी दिवस उगवून थोडा वेळ होतो तोच बैल थरथरला, कोसळला आणि तडफडून मेला. वकिलाने मला कायदा समजावून सांगितला, जणू मी आजच पट्टा बांधला होता. भरीला गाडीवानाच्या गाठोड्यात पिवळसर पुडीही सापडली.

"हे काय रे?"

"हळद अन् तुरटी हाये जी. खांद्याले लावाची. चारून पाहा मले." बांधलेल्या हातांनी घेता येईना म्हणून त्याने तोंड पुढे केलं. मी चिमूटभर त्याच्या जिभेवर ठेवली. त्याने तोंड वाकडं करून गिळली. पण त्याने काय सिद्ध होतं? विष एका पुडीत, औषध दुसऱ्या पुडीत, आणि पहिली पुडी ओढ्यात. खटला चालवणाऱ्या साहेबासमोर हेच उभं राहिलं असतं.

वऱ्हाडात तेव्हा गुरांना विष घालण्याचे गुन्हे होत आणि त्यांना दयामाया नव्हती. हेतू होता, धमकी होती, चार इभ्रतदार साक्षीदार होते. चलान करून कोर्टात पाठवलं असतं तर माणूस काही वर्षं आत गेला असता. सुटून आला असता तरी बैल मारणाऱ्याच्या हातात पुन्हा कोणी कासरा देत नाही. त्याला दुसरा धंदा येत नव्हता. हे त्यालाही कळत होतं. तो एकच वाक्य बोलत होता, "म्या काई केलं नाई जी."

गावच्या दोन शेतकऱ्यांना पंच म्हणून बोलावलं आणि पंचनाम्याला बसलो. मी बैलाचा जबडा उघडायला लावला. पंचांपैकी एकाने आत बोट घातलं आणि दाढांमधून हिरव्या पात्याचा एक धागा काढला. वैशाखात हिरवं पातं! गाडीवान म्हणाला, त्याने दोन्ही बैलांना रात्री फक्त कडबा टाकला होता. उजाडताच बैल पाण्यावरून आणून बांधले, मग मास्तरांनी त्याला रोडग्यांसाठी गोवऱ्या पेटवायला बसवलं. मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "हो, हा आमच्यासमोरच फुंकत बसला होता. रोडग्यांचं आता काय करायचं हो?" माणसं फार निरागस असतात, पोट मध्ये आलं की.

पंच तो हिरवा धागा बोटांत चोळत होता. "किराळ लागली साहेब," तो म्हणाला. "इखबिख काई नाई."

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. कापलेल्या ज्वारीच्या धसकटांना ओल मिळाली की कोवळे फुटवे येतात. दिसायला गोंडस, पण उन्हाळ्यात ढोराने पोटभर खाल्ले तर तासाभरात ढोर गार होतं. त्यालाच किराळ लागणं म्हणतात. आमच्याकडचं पोरही गुरं तिथून हाकलतं. आमराईच्या मागे विहिरीच्या पाटाला लागून अशा फुटव्यांची एक हिरवी पट्टी होती. आजूबाजूचं सगळं रान करपलेलं, एवढाच तुकडा डोळ्यांत भरणारा. तिथे गेलो. मऊ मातीत बैलाचे खूर उमटले होते. सोबत माणसाची पावलं. गाडीवान अनवाणी. ही पावलं टोकदार जोड्यांची, टाचेला खिळे मारलेले.

असे जोडे चौघांत एकाच्याच पायात होते.

दलालाला बाजूला घेतलं. आधी उसळला. मग म्हणाला, "मीच नेलता. काल यानं माह्या दोस्तांसमोर मले बैलांचं शिकवलं. मनात आलं, आपल्या हातानं चारावं. हिरवं पाहून नेलं. त्यात काय झालं? गवतानं बैल मरते काय?"

त्याला खरोखर माहीत नव्हतं. गाठीच्या गाठी कापूस विकला, पण जन्मात नांगराला हात लावला नव्हता. बैल त्याने स्वतःच्या हाताने मारला होता, लाडाने, आणि त्यासाठी दुसऱ्याला बांधून ठेवलं होतं. मला पुन्हा एकदा बरं वाटलं, तेही लिहून ठेवतो.

इथे तपास संपायला हवा होता. पण पट्टीसमोरच्या आंब्याखाली मला ताज्या चघळलेल्या बाभळीच्या दोन काड्या दिसल्या. कोणीतरी तिथे दातवण करत चांगला वेळ बसला होता. दलाल बैलापाशी होता, वकील आणि मास्तर मिश्री लावणारे. उरला देशमुख. घरात पिढ्यान्‌पिढ्यांची काळी जमीन, दारात बारा बैल. किराळ म्हणजे काय हे त्याला आईच्या दुधाबरोबर कळलेलं.

तो धर्मशाळेच्या ओट्यावर आंबा चोखत बसला होता. जे झालं ते वाईट झालं, असं त्याने रीतसर सांगितलं होतं. मी समोर बसलो आणि त्याचा चेहरा नीट पाहिला. बोलणं दुःखाचं होतं, पण तोंडावर एक तकाकी होती. ती मी ओळखली. सकाळी भाकर खाताना माझ्या तोंडावरही तीच असणार.

"देशमुख, सकाळी तुमी त्या झाडाखाली होते."

"नाई."

मी आवाज चढवला नाही. म्हणालो, "काल ही जोडी माह्या ठान्यासमोरून गेली. मले कोनी बोलावलं नाई. आज बैल मेल्याची खबर आली तं मले आनंद झाला. मी जेवून आलो. तो मानूस उन्हात बांधलेला होता अन् मी जेवून आलो."

आंब्याची कोय हातातच राहिली. मग म्हणाला, "ते बैल मी दोन सालापासून पाहून राहिलो होतो. पयल्या मालकाच्या गोठ्यात जाऊन पाठीवर हात फिरवून येत होतो. मनात मी ते कवाचेच घेतले होते. अन् हा एक दिवस आला अन् घेऊन गेला. याले बैलाचा दात पाहता येत नाई." त्याने कोय ओट्याखाली टाकली. "सकाळी तो चारून राहिला होता अन् हासून राहिला होता. मले वाटलं ओरडावं. तोंड उघडलं बी. आवाजच नाई काढला म्या."

"अन् गाडीवानाले बांधलं तवा?"

"तवा बोललो असतो तं आधीचं बी सांगा लागलं असतं."

या माणसाचा मला राग येईना. लोक म्हणतात पोलिसाला गुन्हेगाराचं मन कळायला अक्कल लागते. त्या दिवशी मला अक्कल लागली नाही. माझ्यात जे होतं तेच मी समोर पाहिलं. चोराचा, मारेकऱ्याचा मत्सर मी पुढेही पुष्कळ पाहिला, पण तो काहीतरी करतो म्हणून सापडतो. सभ्य माणसाचा मत्सर काहीच करत नाही. तो बसून पाहतो, आणि त्याला लावायला माझ्याजवळ कलम नव्हतं. तेव्हापासून कोणाच्याही नुकसानीची खबर आली की मी आधी स्वतःला विचारत असे, तुला बरं तर नाही ना वाटलं? वाटलं असेल तर त्या दिवशी घोडा दुप्पट वेगाने काढायचा.

दलालाने फिर्याद मागे घेतली. वकिलाने सुचवलं की आता चार घरांच्या इभ्रतीचा प्रश्न आहे, कशाला वाढवायचं. देशमुखाने माझ्यापुढे हात जोडले. मलाही ते प्रकरण लवकर मिटवायचं होतं, कारण वाढवलं असतं तर मी केव्हा निघालो हेही साहेबाने विचारलं असतं. मी रोजनाम्यात लिहिलं: बैल ज्वारीचे फुटवे खाऊन मेला, विषप्रयोग नाही, कोणाचाही दोष नाही. पंचांचे अंगठे घेतले.

मग मी स्वतः जाऊन गाडीवानाच्या गाठी सोडल्या. मनगटांवर कासऱ्याचे वळ उठले होते. तो भराभरा पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि माझ्या हातातल्या वहीकडे पाहत म्हणाला, "काय लिवलं जी माह्या नावावर?"

"तुह्या नावावर काई नाई," मी म्हणालो. वाटलं, त्याला हायसं वाटेल. शेवटची ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

त्याने ती ऐकली. ओट्यावर बसलेल्या चौघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागाने नाही, खरोखरच समजून घ्यायचं असल्यासारखं त्याने विचारलं, "कोनाचाच दोष नाई? मंग मले काहून बांधलं होतं जी?"

मी वही मिटली. तो उरलेल्या बैलाला पाण्यावर घेऊन गेला.