तिकडची दादा

भगवंतरावांना केनवडात कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे दादा म्हणतात, म्हणजे म्हणावंच लागतं. एकदा रिसोडच्या भाजीबाजारात एका नव्या अडत्यानं त्यांना काका म्हटलं, तर यांनी वांग्यांनी भरलेली गाडी तशीच घरी फिरवली. पुढं चार दिवस त्यांच्या घरात सकाळ-संध्याकाळ वांगी होती. त्यांची बायको हौसाबाई, तीसुद्धा 'दादाले ईचारा' म्हणते. नातवंडांनीही दादाच म्हणायचं, कारण आबा म्हटलं की माणूस म्हातारा होतो. वय अडुसष्ट.

मी रंजीता. बसथांब्याजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे आणि घर दादांच्या घराला लागून. त्यामुळे त्यांचा आवाज मला दिवसभर दुकानात आणि उरलेला वेळ घरी ऐकू येतो.

त्यांचा एकुलता एक मुलगा गोपाल ठिबक सिंचनाचं काम शिकलेला. त्याला टांझानियात एका मोठ्या भाजीच्या फार्मवर नोकरी लागली. राहायला घर आणि बायकोमुलांना न्यायची मुभा. बायको राधिका, सहा वर्षांची मंजू आणि अडीच वर्षांचा किशन असे सगळे पासपोर्टचे फॉर्म भरायला माझ्या दुकानात आले. दादा सोबत होतेच. मी मंजूला स्टुलावर बसवून तिचा फॉर्म भरत होते, तेवढ्यात दादांनी निकाल दिला.

"पोट्टीले ने. पोट्टा इथंच राहीन माह्यापाशी."

गोपाल जमिनीकडे बघायला लागला. बापापुढं त्याचं ते कायमचं काम. राधिकेनं मात्र डोक्यावरचा पदर सावरला आणि सासऱ्यासमोर पहिल्यांदा आवाज काढला.

"दोघंबी माह्या पोटचे हायेत, दादा. एक मागं ठेवाले ते काय बियाणं हाय का?"

मी दोन्ही पोरांचे फॉर्म एका दमात भरले आणि सबमिटचं बटण दादांच्या डोळ्यांदेखत दाबलं. त्या दिवशी माझं इंटरनेटही कधी नव्हे ते शहाण्यासारखं वागलं.

हरलेला माणूस निदान तयारीचा तरी मालक होतो. आफ्रिका म्हणजे नुसतं ऊन, असं दादांनी जाहीर केलं. मे महिन्यात चव्वेचाळीस डिग्रीत राहणारा माणूस दुसऱ्याच्या उन्हाला नावं ठेवतो, याला काय म्हणावं! पोरांना पांढऱ्या टोप्या आणल्या. लू लागू नये म्हणून दोघांच्या खिशात एकेक कांदा घातला. राधिकेनं भरलेले स्वेटर त्यांनी स्वतःच्या हातानं बॅगेतून काढले आणि त्या जागी सातूचं पीठ कोंबलं. निघताना गाडीत बसलेल्या गोपालला ते सांगत होते, "दुपारी पोट्ट्याले बाहीर सोडू नको."

गोपालचं कुटुंब जून महिन्यात तिथल्या डोंगराकडच्या भागात उतरलं, आणि तिथं तेव्हा हिवाळा. पहिल्या व्हिडिओ कॉलवर दोन्ही पोरं राधिकेच्या शालीत गुंडाळलेली, नाकं गळताहेत, मागं भुरभुर पाऊस.

"थंडी? आफ्रिकेत?" दादा माझ्याकडे वळले. "रंजीता, हा पोट्टा शिमल्यात तं नाही उतरला?"

दादांचा फोन बटणांचा. म्हणून दर रविवारी अकराला ते माझ्या दुकानात यायचे, इस्त्रीचा सदरा घालून, जणू कलेक्टरची भेट आहे. गोपालशी बोलणं अर्धा मिनिट, राधिकेशी तेवढंही नाही. मंजू शाळेचं काहीबाही सांगायची, तिला "बरं बरं, किशनले दे" म्हणून उडवायचे. सगळा जीव त्या किशनमध्ये. आईनं पढवल्यावर त्यानं 'दादा' म्हटलं की ते दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे एकदा बघून घेत. ज्याचा फॉर्म अडला असेल त्यानं हसून मान डोलवायची, असा रिवाज पडला होता.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी राधिका म्हणाली, "किशन, दादा आले पाहाय. दादाशी बोल."

पोरानं पडद्याकडे पाहिलं आणि उलट्या दिशेनं धूम ठोकली. परत आला तो डोक्याला फडकं बांधलेल्या एका हसऱ्या बाईला ओढत. तिच्या गळ्यात हात टाकून ओरडला, "हे हाय दादा!"

राधिकेनं तिथं फार्मच्या पॅकिंगमध्ये काम धरलं होतं. दिवसभर किशनला ही बाई सांभाळायची.

"हे कोन?" दादा पडद्याजवळ सरकले.

मंजू पुढं आली. "दादा, इथं मोठ्या बहिनीले दादा म्हन्तेत. घरात काम करते तिलेबी दादाच. आन भावाले काका म्हन्तेत. आईले मामा."

"आईले मामा? मंग बापाले काय, आत्या म्हन्तेत?"

"नाही, बापाले बाबाच."

"त्याले सांग, खरा दादा मी हाय."

मंजूनं भावाच्या कानात सांगितलं. त्यानं जोरजोरात मान हलवली, त्या बाईला आणखी घट्ट धरलं आणि पडद्याकडे बोट केलं. "मंग तो बुढा कोन हाय?"

दादा उठले आणि निघून गेले. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्यांना रस्ता ओलांडताना पाहिलं आणि ते बरं वाटणं गेलं. पोराला आपण कोण ते माहीत नाही, यापेक्षा वाईट त्या माणसाला काही होऊ शकलं नसतं.

दोन रविवार ते आले नाहीत. गावाला मात्र सगळं कळलं. मीच सांगितलं, दुसरं कोण सांगणार? शिरपूरच्या गाडीची वाट बघणारी माणसं त्यांना विचारायची, "दादा, तिकडं तुमची जागा भरली म्हन्तेत?"

तिसऱ्या रविवारी आले. इस्त्री नव्हती. गोपालचा चेहरा दिसताच सुरू झाले, "ते बाई उद्याच्या उद्या काढून टाक."

"काहून जी? बाई चांगली हाय," गोपाल म्हणाला. बापाला 'का' म्हणून विचारलेलं मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकलं. परदेशाचा एवढा तरी फायदा.

"ते माह्या पोट्ट्याले माह्यापासून तोडून राह्यली!"

मंजूनं बापाच्या हातातला फोन घेतला. रागानं नाही, सहजच म्हणाली, "दादा, तुमाले तं किशनच पाह्यजे होता ना? मले तं ने म्हनले होते. पन मले तुमची याद हाय. त्यालेच नाही."

दादांनी माझ्या टेबलावरचं स्टेपलर उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. कागद नव्हता तरी एकदा दाबलं.

"चुकलं माय माहं," ते म्हणाले. "तूच बोलत जाय माह्याशी."

"बोलतोच ना मी. तुमीच म्हन्ता किशनले दे."

एवढ्यात ती बाई किशनला कडेवर घेऊन आली. पडद्यासमोर जरा वाकून म्हणाली, "शिकामू, बाबू."

"काय म्हन्ते?"

"तुमच्या पाया पडून राह्यली," मंजू म्हणाली. "मोठ्या मानसाले असंच म्हना लागते. आन आजोबाले बाबू म्हन्तेत."

आमच्याकडे बाबू म्हणतात अंगावर पिणाऱ्या पोराला. काउंटरवर पीकविम्याचे कागद घेऊन दोघं उभे होते, ते एकमेकांकडे बघून फुसकन हसले. मीही तोंडावर ओढणी धरली. दादांचे कान लाल झाले. केनवडच्या थांब्यावर उद्या काय चालणार, हे त्यांना आमच्याइतकंच कळत होतं.

पण ते ऐकून किशनला कोडं सुटल्यासारखं झालं. त्यानं आधी त्या बाईकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि टाळी वाजवली.

"बाबू!" तो ओरडला. "ए बाबू!"

दुकानात आम्ही तिघंही दादांच्या तोंडाकडे बघत होतो. पोरगं थांबेना. दादा इतके पुढं वाकले, की तिकडं नुसतं त्यांचं नाकच दिसत असणार.

"ओ," ते म्हणाले. "बोल ना राजा. बाबूच हाय मी."