चीर बोटभर असतानाच

मुकादममावशी आमच्या गल्लीत शिरताना चपला काढून हातात घ्यायच्या. नवीन भाडेकरूंना वाटायचं, बाईंचा काहीतरी नवस असेल. नवस वगैरे काही नव्हता. मेन रोडपासून शेवटच्या बिल्डिंगपर्यंत त्या सावकाश, कडेकडेने चालायच्या आणि एखाद्या जागी थांबून टाच दोनदा दाबून बघायच्या. "डोळ्याला वरचं दिसतं," त्या सांगायच्या, "आत पोकळ झालंय का, ते तळपायाला कळतं."

त्या मूळच्या करमाळ्याकडच्या. दुष्काळात नवऱ्याबरोबर इकडे आल्या आणि रस्त्याच्या कामावर लागल्या. नवरा लवकर गेला. मावशींनी खडी वाहिली, डांबर ओतलं, आणि शेवटची दहा-बारा वर्षं एका कंत्राटदाराकडे पंधरा माणसांच्या टोळीच्या मुकादम होत्या. उतारवयात त्या लेकीकडे, आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर राहायला आल्या. लेक रेखा नर्स. मावशींच्या हातांचं कातडं असं झालेलं, की उकळत्या चहाचं पातेलं त्या सांडशीशिवाय उतरवायच्या. मी दचकले की म्हणायच्या, "डांबरापुढं ह्ये काय गरम हाय?"

आमची गल्ली मानपाडा रोडवरून आत वळते. सात बिल्डिंगी बांधून बिल्डर निघून गेला आणि मधला रस्ता आमच्या गळ्यात आला. आमचा म्हणजे कुणाचाच नाही, असं ते चाललेलं. पावसाळ्यात रिक्षावाले कोपऱ्यावरच उतरवून मोकळे व्हायचे, आणि पिशव्या उचलून चिखलातून घरी यायची आम्हाला सवय झालेली.

मावशी आल्या त्याच वर्षी वैशाखात सातही बिल्डिंगींच्या मीटिंगला गेल्या. बोलावलं कुणी नव्हतं. मागे उभ्या राहून सगळं ऐकलं आणि मग म्हणाल्या, "तिसऱ्या बिल्डिंगीपाशी चीर पडलीया. आत्ता बोटभर हाय. एका सकाळीत भरून निघंल. पाण्यानं बघितली, की मग तुमच्या हातात काय ऱ्हात न्हाई." लोकांना गंमत वाटली, पण काम लहान होतं म्हणून हो म्हणाले. मावशींनी जुन्या टोळीतले दोघे बोलावले, तयार डांबरमिश्रणाच्या गोण्या आणवल्या, कडेचं गटार साफ करून घेतलं. धुमस मात्र स्वतःच्या हातात घेतला. तो जड लोखंडी ठोकळा दांड्याने उचलून आपटताना त्या कुणाशी बोलत नसत. काम झाल्यावर गटाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पाण्याला त्याची वाट द्या. मग ते रस्त्याला हात लावत न्हाई."

मग दर वैशाखात मावशी नव्या चिरा अशाच भरून घ्यायच्या, आणि त्यानंतरचे चार पावसाळे कसे गेले, ते आम्हाला कळलंही नाही. रस्ता चांगला असला की माणूस रस्त्याचा विचारच करत नाही. शेअर रिक्षा थेट गेटपर्यंत यायला लागल्या. शाळेची बस आत येऊन वळायला लागली. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा मी जेवणाचे डबे सुरू केले होते. रोज सकाळी स्कूटरला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावून मी ते औद्योगिक वसाहतीतल्या ऑफिसांमध्ये पोचवायचे. चार वर्षांत माझी आमटी कधी सांडली नाही. मला वाटायचं, माझ्या डब्यांची झाकणं चांगली आहेत.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, रोज संध्याकाळी काठी टेकत कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे जायचे. तिथल्या बाकावर तासभर पेपर आणि गप्पा. सासूबाई गेल्यानंतर अण्णांचा दिवस त्या एका तासासाठी उगवायचा. मावशी वाटेत भेटल्या की ते थांबायचे. "काय मुकादम, रस्ता काय म्हणतो?" आणि मावशी अगदी गंभीरपणे उत्तर द्यायच्या, "बरा हाय, अण्णा. जरा डाव्या अंगाला कुरकुरतोय."

पाचव्या वर्षी गल्लीच्या तोंडाशी कमान बांधायचं ठरलं. दिवे लावलेली, वर नाव असलेली. पैसे एकाच कामाला पुरणार होते. अध्यक्ष म्हणाले, "रस्ता चांगलाच आहे आपला. यंदा एक वर्ष राहू दे." मला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की कमानीच्या खांबावर तुमच्या डब्यांची पाटी लावू. मावशी उठल्या. "चांगला हाय, म्हणूनच आत्ता बघायचा," त्या म्हणाल्या. "माझं ऐकू नका. तिसऱ्या बिल्डिंगीपाशी पुन्हा चीर पडलीया. जाऊन ती तेवढी बघून या, आणि मग हात वर करा." कुणी उठलं नाही. हात वर झाले. माझाही झाला. मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसल्या.

कमान छान झाली. माझी पाटीही लागली.

जुलै संपेपर्यंत चिरेचा खड्डा झाला, आणि गणपतीपर्यंत अर्ध्या गल्लीत पाणी तुंबलेलं. रिक्षा पुन्हा कोपऱ्यावर थांबायला लागल्या. शाळेच्या बसवाल्याने आत यायचं बंद केलं, तेव्हा दोन आया पोरांना नेण्या-आणण्यासाठी नोकरीतून रोज लवकर निघायला लागल्या आणि त्यातल्या एकीने शेवटी नोकरीच सोडली. माझ्या पिशव्या आमटीने माखून पोचायच्या. एका ऑफिसातल्या मॅडम चांगुलपणाने म्हणाल्या, "अहो, जेवणाला काही नाव नाही, पण डबा उघडला की सगळं एकत्र झालेलं असतं." महिन्याभरात निम्मे डबे सुटले.

अण्णांना मी सांगून बघितलं, की पाऊस उघडेपर्यंत घरात बसा. ते दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी, सकाळी जरा ऊन पडलं म्हणून, मला न सांगता निघाले. पाण्याखालचा खड्डा त्यांना दिसला नाही. खुब्याचं हाड मोडलं.

अँब्युलन्स कमानीखाली येऊन थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, पाण्यात काय आहे ते मला दिसत नाही. आत गाडी अडकली तर पेशंटला आणखी त्रास." अण्णांना उचलून आणून तळमजल्यावरच्या जिन्यापाशी आडवं ठेवलं होतं, रेखा त्यांचा पाय धरून बसलेली. मग मावशी पुढे झाल्या. लुगडं वर खोचलं, घोट्याच्या वर पाण्यात उतरल्या आणि अँब्युलन्सच्या पुढे चालायला लागल्या. एकेक पाऊल चाचपून हाताने खूण करायच्या. डावीकडे. थांब. आता ये. गाडी त्यांच्या मागून मुंगीच्या पावलाने येत होती. अण्णांना घेऊन परत जातानाही तसंच. मी आत बसलेले. प्रत्येक हिसक्याला अण्णा ओरडायचे, आणि काचेतून मला मावशींची भिजलेली पाठ दिसायची. मेन रोडला लागेपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

चार दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. बोलायचं बरंच ठरवलं होतं. दारातच रडू आलं. "मावशी, मी पण हात वर केला होता."

"म्या बघितला व्हता," त्या म्हणाल्या. "आत ये, च्या घे." मग कप धुता धुता, "रडून खड्डा भरत न्हाई, पोरी. पाऊस उघडू दे. तुला शिकवते."

आता एका सकाळचं काम राहिलं नव्हतं. दिवाळीनंतर सगळा रस्ता उखडावा लागला, रोलर आला, आठ दिवस स्कूटर बाहेर ठेवावी लागली. आणि पुढच्या वैशाखात, गटारापाशी पहिली बारीक चीर दिसली, तेव्हा मावशींनी धुमस माझ्या हातात दिला. "आधी चौकोनी तोड. गोल खड्ड्यात माल बसत न्हाई, चाकासंगं भायेर येतो. धूळ झाड. वलं ठेवू नको. आता कडंनं ठोकत मधी ये." माझे दंड भरून आले. त्या उकिडव्या बसून बघत होत्या. मी ठोकलेल्या जागेवर टाच दाबली आणि म्हणाल्या, "हं. ह्ये ऱ्हाईल."

अण्णा मात्र घराबाहेर पडेनात. चाकाची खुर्ची आणली होती, पण त्या दिवसाचे हिसके त्यांच्या अंगात बसलेले. "मला त्या रस्त्यावरून नेऊ नका," एवढंच म्हणायचे. मावशी रोज येऊन पलंगापाशी बसायच्या. "अण्णा, एकडाव चला. म्या पुढं चालते." अण्णा भिंतीकडे तोंड करायचे. मावशी रागावल्या नाहीत आणि विचारायच्या थांबल्याही नाहीत.

जूनमध्ये रेखाला ठाण्यात नोकरी मिळाली आणि दोघी तिकडे माजिवड्याला राहायला गेल्या, चौदाव्या मजल्यावर. जायच्या दिवशीही मावशी वर येऊन अण्णांना विचारून गेल्या. मी दोनदा भेटायला गेले. खिडकीशी खुर्ची टाकून त्या खालचा हायवे बघत बसलेल्या असायच्या. गुडघ्यांनी दगा दिला होता. "हितून सगळं गुळगुळीत दिसतं बघ," त्या म्हणाल्या. "काय उपेग? पाय लागत न्हाई." मग गटार साफ केलं का ते विचारलं, बसवाला आत येतो का ते विचारलं, आणि शेवटी, "अण्णा निघालं का?" मी नाही म्हटलं. त्या पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या. तिसऱ्यांदा जायचं माझं डब्यांच्या गडबडीत राहून गेलं. थंडीत, न्यूमोनियाने, तीन दिवसांत त्या गेल्या.

या वैशाखात मीटिंगला मी उभी राहिले. फार बोलावं लागलं नाही. त्यांच्या टोळीतल्या दोघांना शोधून आणलं आणि एका सकाळीत तीन चिरा भरल्या. धुमस मीच घेतला. वर बघितलं तर अण्णा खिडकीत, खुर्चीवर बसून खाली बघत होते. किती वेळ बघत होते कोण जाणे. संध्याकाळी त्यांनी आपणहून शर्ट मागितला. म्हणाले, "चल, कोपऱ्यापर्यंत."

आम्ही हळूहळू गेलो. अण्णांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते, ते तिसऱ्या बिल्डिंगीनंतर सैल सोडले. इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवून बाक सरकवला. अण्णांनी पेपर मागितला, उघडला, पण वाचला नाही. म्हणाले, "मुकादमांच्या घरी फोन लाव."

मावशींचा नंबर आता रेखाकडे असतो. मी तिला सांगितलं, अण्णा कोपऱ्यावर आलेत म्हणून. ती म्हणाली, "आईनं पहिलं काय विचारलं असतं माहितीये? खुर्ची कुठे अडकली का म्हणून."

"नाही गं," मी म्हणाले. "कुठेच नाही."