बेलाच्या सरबताचा ठसका

चंद्रकलाबाईंच्या दारात उन्हातून कोणीही येवो, पत्ता विचारणारा असो की भांडायला आलेला, 'काय काम आहे' हे त्या आधी विचारतच नसत. खाटेवर बसवायच्या, घाम निवू द्यायच्या आणि बेलाच्या सरबताचा गिलास हातात ठेवायच्या. "उनातून आलेल्या मानसाले आधी गिलास, मंग कामाची गोठ," हा त्यांचा कायदा. भांडायला आलेल्याचा अर्धा राग तिथेच निघून जाई.

घाटंजीत माझं घर त्यांच्या शेजारी. पिकलेल्या बेलाचा गर त्या गच्चीवर पातळ पसरून कडकडीत वाळवायच्या आणि त्याची पावडर करून आठवडी बाजारात विकायच्या. पोटाला थंड, उन्हाळी लागत नाही, म्हणून लोक घेत. पहिल्या वर्षी मात्र बाईंनी तो गर चक्क मिरचीच्या कांडपावर कुटून आणला! बाजारात दुकान मांडताच पहिला घोट घेतला त्यांच्या यजमानांनी, देवरावभाऊंनी. असा ठसका लागला की शेजारची दुकानं गोळा झाली.

"सरबत हाय का रस्सा?" भाऊ डोळे पुसत म्हणाले.

"तुमाले चव कवा समजली, सांगा!"

दुसरी असती तर तोंड लपवून बसली असती. ह्या पोट धरून हसत होत्या. गंमत म्हणजे पुढच्या बाजारी लोक तेच तिखट सरबत मागायला आले. तेव्हापासून पावडरीत चिमूटभर मिरची कायमची आली.

गेल्या हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन बाई गेल्या. भाऊंनी बाजार सोडला, बोलणं सोडलं. लेकीने आणलेला डबा तसाच परत जाई, कोणाच्या घरचं पाणीही ते घेईनात. हा माणूस असाच वाळून जाणार, अशी मला धास्ती वाटली. माझ्याकडे बाईंच्या हातची एक बरणी उरली होती. ती उघडायचा मला धीर होत नव्हता. संपली की बाई पुन्हा एकदा जातील असं वाटे.

चैत्रात एका दुपारी भाऊ शेतातून थेट माझ्या दारात आले. "मॅडम, शिडी पाहिजे होती."

त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, आत गेले आणि बरणी उघडली.

गिलासातले मिरचीचे लाल कण पाहताच त्यांनी ओळखलं. "तिच्या हातचं हाय? मंग बरनी खोलली कायले, मॅडम?"

"आधी गिलास, भाऊ."

बराच वेळ त्यांनी तो नुसताच धरून ठेवला. मग घोट घेतला. ठसका लागला, डोळ्यांना पाणी आलं आणि ते थांबेना. मलाही आवरलं नाही.

"लय तिखट टाके ती," भाऊ म्हणाले आणि रिकामा गिलास पुढे केला. "अजून हाय काय?"