महिनाभराच्या सह्या

मुलीच्या शाळेचे नियम पहिल्याच पालकसभेत वाचून दाखवले होते. नखं सोमवारी तपासणार. डब्यात कुरकुरे चालणार नाहीत. डायरीच्या शेवटी सह्यांचा तक्ता आहे, तिथे रोज पालकाची सही हवी. ती सकाळी मॉनिटर बघणार, आणि नसली तर मूल पहिला तास वऱ्हांड्यात उभं. मी मान डोलावली. कारकुनाला सहीचं काय कौतुक!

बायकोची नोकरी हिंगणघाटला. ती सातच्या एसटीनं निघायची, म्हणून डायरी माझ्याकडे आली. जुलैत एकदा सही राहिली आणि दुसरीतली माझी पोर वऱ्हांड्यात उभी राहिली. संध्याकाळभर ती माझ्याशी बोलली नाही. मग मी अक्कल पाजळली. आमचे साहेब दौऱ्यावर जाण्याआधी कोऱ्या कागदांवर सह्या ठोकून जातात, मजकूर आम्ही मागाहून टाकतो. तसंच मी एक तारखेला चहा पितापिता अख्ख्या महिन्याच्या सह्या करून मोकळा होऊ लागलो. त्यानंतर पोर एकदाही वऱ्हांड्यात उभी राहिली नाही, आणि मला चक्क त्याचा अभिमान होता.

दिवाळीनंतर मॅडमनी शाळेत बोलावून घेतलं. डायरी माझ्यापुढे उघडून म्हणाल्या, "पोरीले फळ्यावरचं दिसत नाई, डोळे तपासून घ्या, असं मी पाच वेळा लिहिलं. तक्त्यात तर तुमची रोज सही हाये. मंग अजून काऊन नाई नेलं?"

पाच पानांवर लाल शाईत तेच वाक्य होतं. पहिलं ऑगस्टमधलं. शेवटच्या तक्त्यात माझी झोकदार सही, ओळीनं, उद्याच्या आणि परवाच्या तारखेपुढेसुद्धा. आता लपवणार काय? जे होतं ते सांगून टाकलं. मॅडमनी डायरी मिटून माझ्या हातात दिली. झापलं असतं तर बरं झालं असतं. मला माझीच किळस आली.

स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांना नंबर काढला. उजवा फारच मागे पडला होता. त्याला कामाला लावायचं म्हणून डाव्यावर रोज काही तास पट्टी लावा म्हणाले. उजवा किती सुधारेल, ते आत्ताच सांगता येणार नाही. लवकर आणायला हवं होतं, एवढंच वर बोलले.

नालवाडीला घरी परतताना ती ऑटोत माझ्या अंगाला टेकून पट्टी चाचपत होती. न राहवून मी विचारलं, "बेटा, मॅडम काय लिहितात ते तुले वाचता येत होतं ना? मंग मले काऊन नाई सांगितलं?"

तिनं उघड्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"तुमची सही तं आधीच राहायची ना बाबा. मले वाटलं, मॅडम काय लिहिणार हाये ते तुमाले आधीच माहीत राह्यते."