अंगठ्याचा फोरमन

चाचांमुळे माझं डोकं रोज सकाळी नऊलाच फिरायचं. सौदीतल्या दम्माममधल्या ज्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे, तिथे ते गाडीच्या अपघातानंतर आले होते. मूळचे रत्नागिरीकडचे, सगळी नोकरी रास तनुराच्या तेल कारखान्यात फोरमन म्हणून केलेली. आता दोन्ही पाय हलत नव्हते.

उपचार दिसायला साधा. कुशीवर झोपलेल्या पेशंटच्या पाठीवर चुंबकाची कॉइल धरायची. ती टकटक करत मज्जारज्जूला चेतवते, आणि त्याच वेळी पेशंटनं पाय हलवायचा मनापासून प्रयत्न करायचा. हे मात्र पायाच्या अंगठ्याकडे बोट रोखून खेकसायचे, "यल्ला! चल, झोपलायस काय?"

"चाचा, ओरडू नका हो. मनातल्या मनात सांगा त्याला."

"मनातल्या मनात कोण काम करतो, बाय? मी ओरडलो तेव्हाच माणसं हलली."

शेजारच्या पेशंटच्या तक्रारी यायच्या आणि मी कपाळावर हात मारून घ्यायचे. असा महिना गेला.

एका सकाळी मशीन बंद करून मी वायर गुंडाळत होते. टकटक थांबली होती, तरी अंगठा हलला. चुंबकानं नाही, त्यांनी स्वतः हलवला होता.

"परत! चाचा, परत एकदा!"

त्यांनी रोखलेलं बोट खाली घेतलं. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. "खलास. दमलाय तो. आज सुट्टी दे त्याला, बाय."

महिनाभर त्यांना गप्प बसवणारी मी अंगठ्याकडे बोट रोखून ओरडले, "यल्ला!"