मोहाखालचा ठिपका

चांद्यातल्या निम्म्या मुलींची लग्नं पत्रूच्या पेन्सिलीनं जुळली, असं पन्नास-बावन्न सालाकडं लोक चेष्टेनं म्हणत. फोटोच्या दुकानात तो रिटचिंग करायचा. काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की छापात ती जागा उजळ येई, पात्यानं खरवडली की काळोखी. पेन्सिल पुसता येते, खरवडलेलं मात्र परत येत नाही.

साऱ्या गावाची तोंडं उजळणाऱ्या या गड्यानं स्वतःच्या बायकोचा एकही फोटो काढला नव्हता. वच्छला किती मागे लागायची! पहिल्या बाळंतपणाला ती धानोऱ्याकडं माहेरी निघाली, तेव्हाही हा म्हणाला, "आता कायले? पोरगं झालं का तिघाईचा काढू." उद्यावर एवढा भरवसा कुणी ठेवू नये, पण आपण सगळेच ठेवतो.

त्याच उन्हाळ्यात दुकानाचे मालक सोमाजी जंगलाचा फोटो घ्यायला तिकडं जाऊन आले. एका ठेकेदाराला बैठकीत लावायला मोठं चित्र हवं होतं. निव्वळ जंगल, माणूस नको, अशी ताकीद होती. काच पत्रूकडं आली. मोहाच्या झाडाखाली एक बारीक काळा ठिपका होता. निगेटिव्हमध्ये काळा, म्हणजे फिकट लुगड्यातली कुणी मोहफुलं वेचणारी बाई असणार. भिंग तो गिऱ्हाइकांच्या तोंडांसाठी वापरायचा, झाडाझुडपांना कोण लावतं? त्यानं पातं घेतलं आणि बाईच्या जागी दाट सावली करून टाकली. काम इतकं बेमालूम झालं की सोमाजींनी पाठ थोपटली, एक छाप त्याला घरी लावायला चौकटीत घालून दिला.

पावसाळ्यात वच्छला बाळंतपणात गेली. मुलगी तेवढी वाचली.

धानोऱ्याला तिचे दिवस झाल्यावर सासू सोनीबाईनं नात त्याच्या मांडीवर ठेवली.

"जवाईबापू, थो मोहाखालचा फोटो पाह्यला नं तुमी? मालकाले दिसू नाई दिलं अन् झाडाआडून जाऊन मोहाखाली उभी राह्यली पोरगी. म्हणे, फोटो तं हेच साफ करतीन. मले पाहून हासतीन."

चांद्याला येऊन पत्रूनं ती काच पुन्हा काढली, भिंग लावून पेन्सिलीनं सावलीत बाई काढू लागला. बाई झाली, वच्छला काही होईना. शेवटी त्यानं ती पुसली आणि काचेवर डोकं टेकून ढसाढसा रडला.

मुलगी मनकर्णा बोलायला लागली, तशी आई मागू लागली. शेजारणी म्हणत, फोटोवाल्याची पोर तू, बापाले माग नं फोटो. एके दिवशी त्यानं तिला कडेवर घेतलं, भिंतीवरच्या जंगलापाशी नेलं आणि तिचं बोट मोहाखालच्या सावलीवर टेकवलं.

"इथी हाये तुई माय."

पोरीनं काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "इथी तं कोनीच नाई."